जाते म्हणू नये

एका गावात एक भोळी बहीण होती. गाव आमचं आणि बहीण माझी, म्हणून हे मलाच सांगावं लागतंय. नाव कुमुदिनी. माझ्याहून मोठी, म्हणजे निदान वयाने.

पहिली बारीकशी गोष्ट खटकली ती आमच्या उंबऱ्यावरच. आम्ही दोघी रत्नागिरीला निघालो होतो. दोन दिवस, समुद्र, ऊन, मासे. चप्पल घालता घालता ताई म्हणाली, "आई, जाते."

मी दचकले. मी तशी मांजर शिंकलं तरी दचकते. पण आईही दचकली.

"जाते म्हणू नये गो बाय. येते म्हणावं."

"पण मी तर जातेय."

"जातानाच येते म्हणतात."

ताईने विचार केला. "म्हणजे येते म्हटलं की माणूस गेलं?"

"गेलं. म्हण आता."

"येते."

"हां. ये."

ताई आत आली, चप्पल काढली आणि पाटावर बसली. पहिली एसटी चुकली.

आणि या सहलीवर तर माझं सगळं टांगलेलं होतं. मला रत्नागिरीत होस्टेलवर राहून एम.ए. करायचं होतं. आईचं म्हणणं असं, की जी मुलगी झुरळ दिसलं की घर सोडून शेजारी जाते, ती परक्या गावात काय राहणार? "आधी कुमीला ने, सांभाळ, धड परत आण. मग तुला पाठवते. ती हरवली तर होस्टेलचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "कुठं जाणार?"

"जाणार नाही," ताई म्हणाली. "येणार."

"कुठं येणार?"

"घरी."

"मग आधी उतरा."

मी घाईने तिकिटं काढली आणि ताईला समजावलं. मी पदवीधर आहे, आम्हाला समजावायची फार हौस. "ताई, कुणी विचारलं की 'रत्नागिरी, दोन' म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही."

लॉजवर मॅनेजरने रजिस्टर उघडलं. "नाव?"

"रत्नागिरी, दोन."

मॅनेजर सभ्य होता. "आणि रत्नागिरी एक कोण?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"एसटीत गाव सांगायचं!" मी जिन्यात कुजबुजले. "बाकी सगळीकडे आपलं नाव. पूर्ण!"

"असं आधी सांगायचं," ताई म्हणाली.

खोलीच्या दारावर पाटी होती, 'खोलीतील वस्तूंची जबाबदारी ग्राहकांची राहील.' ताईने ती दोनदा वाचली आणि खोलीतल्या वस्तू मोजल्या. मी तोंडावर पाणी मारायला गेले, तेवढ्यात माझा फोन वाजला आणि तो ताईने घेतला. कुणीतरी क्रेडिट कार्ड विकत होतं. ताईने त्याला आपलं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि आमच्या म्हशीचं नाव सांगितलं. मी ओल्या हातांनी फोन हिसकावला.

"अनोळखी नंबर असला की उचलायचा नाही! कितीही वाजो, कुणीही असो!"

"बरं."

खानावळीत वेटर आला. "काय देऊ?"

"कुमुदिनी अनंत पाष्टे."

"ते संपलं," वेटर म्हणाला. "बांगडा आहे."

जेवण होईपर्यंत मी मान वर केली नाही. हात धुताना मात्र राहवेना. "ताई, खायच्या ठिकाणी नाव नाही सांगत. 'गरम काय आहे' विचारायचं आणि 'तेच द्या' म्हणायचं. सोपं आहे."

"सोपंच आहे," ताई म्हणाली.

मांडवीच्या किनाऱ्यावर रणरणतं ऊन होतं. काळी वाळू तव्यासारखी तापलेली. कडेला बर्फाच्या गोळ्याची गाडी. मला हायसं वाटलं. बर्फात काय चुकणार?

"काय देऊ बाय?" गोळेवाल्याने विचारलं.

"गरम काय आहे?"

गोळेवाल्याने बर्फाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "गरम म्हंजे... वाळू हाय."

"तेच द्या."

त्याने ग्लासभर वाळू घेतली आणि गंभीरपणे विचारलं, "वर काला खट्टा मारू?"

त्या दोघांचं जमलेलं पाहून मी मान वळवली, तेव्हा कुठे मला बादली दिसली. लॉजची निळी बादली, लॉजपासून माझ्या मागे मागे आलेली. आत दोन उशा, प्लास्टिकचा मग आणि साबणाची वडी. शेजारी आमच्या दोन्ही बॅगा.

"हे काय आणलंस?"

"जबाबदारी आपली आहे," ताई म्हणाली. "पाटी लावलीय."

मी हात टेकले. समोर समुद्र होता आणि निदान तो तरी मला काही विचारत नव्हता. मी चपला काढल्या, फोन बॅगेत टाकला आणि म्हणाले, "सांभाळ सगळं. मी येते हं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "ये गो," ती म्हणाली. "नीट ये." आणि बराच वेळ हात हलवत राहिली. पाय भिजवायला निघालेल्या बहिणीसाठी हे जरा जास्त होतं. पण माया असेल, असं मी समजले. पदवीधर ना.

परत आले तर ताई नव्हती. बॅगा, बादली, माझ्या चपला, काही नव्हतं. काला खट्टा मारलेल्या वाळूचा ग्लास तेवढा होता.

माझ्या मनाने तिला लगेच बुडवलं, मग पळवून नेलं, मग पुन्हा बुडवलं. गोळेवाला गिऱ्हाइकांत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. अनवाणी चटके खात मी लॉजवर धावले. मॅनेजरने रजिस्टर पाहिलं. "रत्नागिरी दोन आलेली नाही. बादलीही नाही."

पुन्हा किनारा. गोळेवाल्याने आपला फोन पुढे केला आणि मला कळलं, की मला जगात एकच नंबर पाठ आहे, माझा स्वतःचा. तो लावला. वाजला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ताई माझं म्हणणं अक्षरशः पाळत होती. कितीही वाजो, कुणीही असो.

ऊन कललं. बर्फ संपला. होस्टेल गेलं, ते जाऊ दे. आईला काय सांगू?

"बाय, पोलिसांत जाऊया," गोळेवाला म्हणाला.

"शेवटचा एकदा लावते," मी रडत म्हणाले.

वाजला. वाजत राहिला. आणि उचलला.

"आई, अनोळखी आहे, नको उचलू!" लांबून ताई ओरडली.

"हॅलो?" माझ्या फोनवर आई होती. "कोण वो तुम्ही? हा फोन आमच्या शरूचा. कुमी आली एकटीच एसटीने, धड आली, सामान घेऊन, कुणाची तरी बादली घेऊन. म्हणते, शरू 'येते' म्हणाली, म्हणून मी पण आले. अहो, पण आमची शरू कुठं गेली?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून ताईचा शांत आवाज आला.

"आई, गेली म्हणू नये गो. आली म्हणावं."