दुसऱ्या ताटावरचं कोण?

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते मला विचारू नका. चितारी मात्र होते, एवढं नक्की.

एका गावात रीत होती. सुगी संपली की चिताऱ्यांनी आपलं वर्षाचं चित्र देवळाच्या मंडपात लावायचं आणि ते कसं सुचलं, कसं काढलं, हे गावाला सांगायचं.

त्यातला एक चितारी बोलण्यात भारी पटाईत. करवंटी जाळून काळा रंग कसा केला, गेरू कसा वस्त्रगाळ केला, काळ्याशेजारी तांबडा का ठेवला. ऐकत राहावं असं बोलायचा. माणसं त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि चित्राकडे पाठ. बोलणं संपलं की वाहवा करून घरी जेवायला पळायची.

चित्र दरवर्षी एकच असे. चूल, दोन पाट, दोन वाढलेली ताटं. एका ताटापाशी माणूस, दुसऱ्यापाशी कोणी नाही. पण गावाला ते दिसणार कसं? पाठीला डोळे नसतात.

चिताऱ्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात बोलायला कोणी नव्हतं. तिच्याबद्दल कोणीतरी विचारावं म्हणून त्याचा जीव तुटायचा, आणि कोणी विचारलंच तर, या भीतीने तो रंगांवर आणखी घटकाभर बोलायचा. माणसाचं असंच असतं बघा.

एका वर्षी लेकीकडे आलेली एक परगावची म्हातारी मंडपात आली. ठार बहिरी. ऐकू काही येईना, म्हणून बापडी चित्रच बघत बसली. सगळे गेले तरी हलेना. मग म्हणाली,

“दुसऱ्या ताटावरचं कोण जेवायचं राहिलंय रे, लेकरा?”

एवढा बोलका माणूस, तो तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. मग बायकोचं नाव घेऊन सगळं सांगितलं. म्हातारीला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या वर्षी चितारी चित्र लावून गप्प बसला. यंदा याचं काही खरं नाही, असं म्हणत निम्मं गाव शेजारच्या चिताऱ्याकडे सरकलं. उरलेल्यांनी नाइलाजाने चित्र पाहिलं. त्यांत भिंतीला भिंत लागून राहणारा कुंभार होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला,

“वहिनी गेल्यापासून तू एकटाच जेवतोस होय रे? माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.”

आणि तो चिताऱ्याला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला.

तात्पर्य: शब्दांचा आडोसा केला की दुःख झाकलं जातं खरं, पण सोबतीला येणारा माणूसही बाहेरूनच परत जातो.