चांगदेव मिस्त्रीचं क्रोशाचं कव्हर

नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात चांगदेव नावाचा एक भोळा गवंडी होता. तो भोळा आहे हे गावाला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. "माझ्या डोक्यात माल चांगला भरलाय," तो म्हणायचा. "वरून पाणी मारायचं राहिलं, एवढंच." काम मात्र असं, की त्याने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावावा आणि ओळंबाच वाकडा वाटावा. कुणी काही सांगितलं की चांगदेव तसंच करायचा. अगदी तसंच. घोळ सगळा त्यातच होता.

त्याला एकच मुलगी, कुंदा. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नर्स होती. चार वर्षांपूर्वी तिने गाडी शिकायचं काढलं, तेव्हा चांगदेव एवढंच म्हणाला होता, "गाडी हाकणं बाईमाणसाचं काम नाही." कुंदाने ऐकून घेतलं. शिकली. पुढे एक जुनी गाडीही घेतली. फक्त ती गाडी घेऊन गावात कधी आली नाही. एस्टीने यायची, एस्टीने जायची. बापलेक गाडी सोडून बाकी सगळ्यावर बोलायचे. म्हणजे पावसावर आणि म्हशीवर.

यंदा आईने तिला गळ घातली. आईचं नाव सुभद्रा. "दसऱ्याला गाडी घेऊनच ये. आपल्या दारात पूजा करू."

कुंदा म्हणाली, "आप्पांना विचार."

सुभद्राने विचारलं. चांगदेव बराच वेळ मिशी ओढत बसला. माझं चुकलं असं त्याला म्हणायचं होतं. पण ते दोन शब्द त्याने जन्मात कधी एकावर एक रचले नव्हते. शेवटी म्हणाला, "तिच्या गाडीला काय कमी आहे?"

"स्टेअरिंगचं रबर सोलवटलंय म्हणते. हाताला चिकटतं. मी दोऱ्याचं कव्हर विणून दिलं असतं, क्रोशाचं. पण हे डोळे."

सुभद्राच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा होता. महिनाभर सुईदोऱ्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मी विणतो," चांगदेव म्हणाला. "गावाची पाण्याची टाकी या हातांनी उभी केली. तू तोंडाने सांग. मी हाताने करतो."

सुभद्रा नको म्हणणार होती. पण दसऱ्याला वीस दिवस होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आधी माप आणा," ती म्हणाली. "ग्रामसेवकाची गाडी कुंदाच्या गाडीसारखीच आहे. तिच्या चाकाला दोरा गुंडाळून बघा."

चांगदेव गेला आणि दोरा घेऊन आला. सुभद्राने तो चाचपला. चाचपता चाचपता संपेना.

"अहो, हे कुठलं चाक?"

"मागचं, उजवं. पुढची दोन चिखलात होती."

"जमिनीवरचं नव्हे हो. ज्याच्यावर हात ठेवून गाडी चालवतात, ते मोजायचं."

"हात ठेवलाय ते मोजायचं. कळलं."

चांगदेव कळलं म्हणाला की सुभद्राला धडकी भरायची.

तो पुन्हा गेला. ग्रामसेवक जेवून गाडीत बसले होते. एक हात गिअरवर होता, एक हात पोटावर. चांगदेवने दोन्हींची मापं घेतली.

"मिस्त्री, हे कशासाठी?"

"कव्हर विणायचंय, भाऊसाहेब."

"पोटाला?"

"हात आहे तिथं."

ग्रामसेवकांनी थोडा विचार केला. म्हणाले, "रंग कोणता घेताय?"

तिसऱ्या वेळी सुभद्रा नवऱ्याचा खांदा धरून स्वतः गेली आणि माप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी ती खाटेवर पडली आणि चांगदेव सुई-दोरा घेऊन पायाशी बसला. "आता साखळी घाला," ती म्हणाली. "ओढून घट्ट नको. सैल घाला."

चांगदेव उठला, दाराला साखळी घातली, सैल ठेवली आणि येऊन बसला.

"किती झाल्या?"

"एक."

"आणखी घाला."

"दाराला एकच आहे."

सुभद्राने कपाळावर हात ठेवला. "अहो, दोऱ्याची साखळी. मी साखळी म्हटलं की दोऱ्याचीच समजायची. एवढं डोक्यात ठेवा."

"कळलं."

मग तिने त्याची बोटं आपल्या हातात धरून सुई कशी फिरवायची ते दाखवलं. चांगदेवच्या हाताला वळण होतं. तिन्हीसांजेपर्यंत त्याने हातभर साखळी घातली. कडीला कडी सारखी.

सुभद्राने आतून विचारलं, "म्हशीला साखळी घातलीत का?"

"घालतो," चांगदेव म्हणाला, आणि घातली.

सकाळी गोठ्यात म्हैस नव्हती. ती सरपंचांच्या घासाच्या रानात सापडली. गळ्यात पिवळ्या दोऱ्याची नाजूक साखळी लोंबत होती. सरपंचांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "मिस्त्री, हिचं लग्न कुठं ठरवलंत?"

म्हैस घरी आली. सुभद्रा म्हणाली, "अहो, मनानं काही करू नका. आधी विचारायचं, मग हात लावायचा."

"आधी विचारायचं. कळलं."

नवी साखळी झाली. पुरेशी झाली. सुभद्राने ती बोटांनी मोजली आणि तिला जरा धीर आला. "आता खांब घालायचे," ती म्हणाली. "एक घर सोडायचं, पुढच्या घरात खांब घालायचा."

खांब म्हटल्यावर चांगदेवचा चेहरा उजळला. अखेर विणकाम त्याला समजू लागलं होतं. त्याने पहार घेतली, थापी घेतली आणि निघाला. शेजारचं घर सोडलं. पुढचं घर रंगनाथ गुरवाचं. रंगनाथ ओसरीवर सुपारी कातरत होता.

"रंगनाथराव, तुमच्या घरात खांब घालायचाय. घालू का?"

रंगनाथच्या ओसरीची तुळई दोन वर्षं खचली होती आणि दोन वर्षं तो मिस्त्रीच्या मागे लागला होता. "घाला की. विचारताय काय," असं म्हणून तो सुपारी खात देवळाकडे गेला.

खांब कुठे घालायचा ते सुभद्राने सांगितलं नव्हतं. मनाने काही करायचं नव्हतं. म्हणून चांगदेवने घराच्या दाराचा मध्य काढला आणि बरोबर तिथे घातला. ओळंब्यात. इतका सरळ खांब पंचक्रोशीत नव्हता. रंगनाथची बायको आत होती. पुढचे चार दिवस ती परसातल्या दाराने ये-जा करत होती. खांब काढायलाही मिस्त्रीलाच बोलवावं लागलं. मिस्त्रीने काढला, पण फार हळहळत काढला.

"अहो," सुभद्रा म्हणाली, "खांब म्हणजे दोऱ्याचा उभा टाका. आणि घर म्हणजे साखळीतलं भोक. भोकाला आम्ही घर म्हणतो."

"भोकाला घर म्हणायचं. कळलं."

त्याच दिवशी देवळापुढे सरपंच चार लोकांत पाठमोरे उभे होते. चांगदेव त्यांच्या धोतराकडे बघून म्हणाला, "सरपंच, तुमची मागं दोन घरं दिसतात."

सरपंच खूश झाले. "दोन कुठली, मिस्त्री? तीन आहेत. एक तालुक्याला आहे." आणि ते ऐटीत वळले, तेव्हा तिसरंही सगळ्यांना दिसलं.

पण घराचा आणि खांबाचा अर्थ लागल्यावर विणकाम पुढे सरकलं. पट्टी रुंद झाली. चांगदेव जेवताना ती मांडीवर ठेवायचा. कुणी बघायला आलं की म्हणायचा, "टाकी बांधली तेव्हा कुणी आलं नाही. आता बाईचं काम करतोय तर गाव लोटतंय." म्हणायचा रागाने, दाखवायचा नीट उलगडून.

दसऱ्याला तीन दिवस राहिले. सुभद्रा म्हणाली, "आता कडेनं मुके. प्रत्येक घराला एक मुका. एकही गाळू नका."

"मुका?" चांगदेवने विचारलं. आधी विचारायचं हे तो विसरला नव्हता.

"हो, मुका. सावकाश घ्या. घाई नाही."

चांगदेवने उठून खिडकी लावली. दारही लोटलं. मग पट्टी जवळ घेऊन पहिल्या भोकापासून सुरुवात केली. सुभद्रा डोळे मिटून पडली होती. तिच्या कानावर काहीतरी विचित्र येऊ लागलं.

"अहो, हे पुच् पुच् काय चाललंय?"

"मुके घेतोय. साठ झाले."

सुभद्रा खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "पस्तीस वर्षांत माझ्या वाट्याला एवढे आले नाहीत."

"तू कधी मोजून मागितले नाहीस," चांगदेव म्हणाला.

ती भिंतीकडे तोंड करून हसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "मुका म्हणजे मुका खांब. बुटका टाका असतो. मुका, म्हणजे न बोलणारा."

"न बोलता घालायचा. कळलं."

चांगदेवने तोंड मिटलं. कडेची दोनशे दहा घरं होती. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. जेवायचं ताट खुणेने मागितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा न्हायला गेली होती आणि फोन वाजला. चांगदेवने तो कानाला लावला.

"आप्पा, मी कुंदा. परवा गाडी घेऊन येऊ ना?"

चाळीस घरं शिल्लक होती. चांगदेवने जोरात होकाराची मान हलवली.

"आप्पा, ऐकताय ना?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"नको का येऊ?"

छे, छे, असा त्याने हात केला. हाताबरोबर सुईही हलली. कुंदा म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

चांगदेवने चाळीस मुके खांब पुरे केले. दोऱ्याला गाठ मारली आणि तोंड उघडून म्हणाला, "ये की, बाळ." तेव्हा फोन कोनाड्यात होता.

सुभद्रा बाहेर आली. काय घडलं ते ऐकलं आणि उंबऱ्यावर खालीच बसली. "अहो, पोरगी मोठ्या हिमतीनं विचारत होती. तिला वाटलं, तुमचा राग अजून गेला नाही."

चांगदेवने हातातली पट्टी बाजूला ठेवली. "गावाला टाकी बांधली," तो म्हणाला, "आणि स्वतःला तोटी बसवायला विसरलो."

सुभद्राने पाच वेळा फोन लावला, तेव्हा कुंदाने उचलला. सुभद्राने तिला मुक्या खांबांची सगळी हकिगत सांगितली.

"आप्पा विणतायत?"

"हो."

"कुणासाठी?"

"ग्रामसेवकाच्या पोटासाठी नव्हे, एवढं नक्की."

दसऱ्याच्या दिवशी सुभद्राने नवऱ्याला समोर बसवलं. "हे शेवटचं. नीट ऐका. कव्हर चाकावर ठेवायचं, कडा आत वळवायच्या आणि जाड सुईनं शिवून टाकायचं. ढिलं राहिलं तर वळणावर हात सटकतो. असं शिवा, की पोरीचा हात चाकावरून सुटता कामा नये."

"कळलं," चांगदेव म्हणाला.

सुभद्रा ओवाळणीचं ताट करायला आत गेली आणि दारात गाडी थांबली.

कुंदा उतरली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसली. आप्पा काय म्हणतात याची वाट बघत होती. चांगदेवने गाडीचं दार उघडलं आणि कव्हर घेऊन आत वाकला. "हात उचलू नकोस," तो म्हणाला.

एवढंच. पण चार वर्षांत गाडीविषयी तो पहिल्यांदाच बोलत होता. कुंदाने हात उचलले नाहीत. त्याने कव्हर चाकावरून घेतलं, तिच्या बोटांवरूनही घेतलं. तिला वाटलं, मापाला लावून बघतायत. त्याने शिवायला सुरुवात केली. त्याचं पांढरं डोकं तिच्या हनुवटीखाली हलत होतं आणि टाके असे पडत होते, की ते मोडायचं तिच्या जिवावर आलं. सुभद्राने मापात दोन बोटं ढील धरली होती. तिची दहा बोटं त्यात मावली.

"आप्पा," अखेर ती हळूच म्हणाली.

"थांब. शेवटचा टाका." त्याने दोरा दातांनी तोडला, तिची मनगटं धरून ओढून पाहिली. "नाही सुटत."

सुभद्रा ताट घेऊन दारात आली. "झालं का? उतर गं, ओवाळते."

"उतरता येत नाही, आई."

"का?"

"आप्पांनी मला शिवलंय."

सुभद्राने ताट ओट्यावर ठेवलं आणि गाडीत हात घालून चाचपलं. दोऱ्याखाली दहा उंचवटे लागले. आपट्याची पानं घेऊन आलेले शेजारीपाजारी गाडीभोवती जमले होते. "अहो, आधी पोरीला गाडीतून खाली उतरवा," ती म्हणाली. "बाकीचं मागनं बघू."

"कळलं."

"आप्पा, कात्री आणा नुसती," कुंदा म्हणाली. पण चांगदेव तोवर घरात जाऊन परतही आला होता. त्याच्या हातात मोठा पान्हा होता. गाडी जुनी होती. चाकाच्या मधलं झाकण निघालं, त्याखाली एकच नट होता. टाकीच्या पाइपांचे नट पिळलेल्या माणसाला त्याचं काय. हॉर्न एकदा केविलवाणा वाजला आणि गप्प झाला.

कुंदा गाडीतून खाली उतरली. दोन्ही हातांत स्टेअरिंग होतं.

ती तशीच उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. सुभद्राने तिला कुंकू लावलं, चाकाला लावलं आणि दोघांना एकदमच ओवाळलं. सरपंचांनी सोनं पुढे केलं. घ्यायला हात नाही म्हटल्यावर आपट्याचं पान चाकाच्या दांडीत खोचलं. कुंदा इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायलाही हात नव्हता. चांगदेवने खांद्यावरच्या पंच्याने तिचे डोळे पुसले.

"आप्पा, उद्या ड्यूटी आहे माझी," ती म्हणाली. "आता मी जाऊ कशी?"

चांगदेवने दारातल्या गाडीकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं.

"चाक तुझ्या हातात आहे, पोरी," तो म्हणाला. "मी आता मध्ये पडत नाही."