कर्नलचं दार

हर्षलाताई जाऊन आज अकरा दिवस झाले. घरात सगळे हळू आवाजात बोलतात, पण तिची ही गोष्ट हळू सांगता येत नाही.

आमच्या गावचे पाण्याचे पंप संगणकावर चालतात. टाक्यांवरून नेटवर्कने निरोप येतात, तसे पंप सुरू होतात, बंद होतात. ताईच्या कंपनीकडे ते काम होतं. मोठे साहेब उपळेकर म्हणाले, "निरोप घ्यायचं काम थेट कर्नलमध्ये घाला. वेग वाढेल."

कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. मी नववीत शाळा सोडली, तरी ताईने मला समजावलं होतं. बाहेरचा प्रोग्रॅम पडला तर तेवढाच पडतो, परत उठवता येतो. कर्नल पडला तर सगळंच बंद आणि गाव कोरडं.

ताईने भर मीटिंगमध्ये हेच सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आलेल्याला दारात कशाला ताटकळत ठेवायचं? थेट आत घ्या."

"साहेब, मी इथे सहा वर्षं आहे," ताई म्हणाली. "तरी तुम्हाला भेटायचं तर आधी शिपायाकडे चिठ्ठी, मग तासभर बाकावर. मी तर ओळखीची. आणि नेटवर्कवरून येणाऱ्या कुणालाही थेट कर्नलच्या मांडीवर बसवू?"

चहा देणारा शिपाईच आधी फिस्सकन हसला. मग सगळे हसले आणि शेवटी साहेबही. "ठेवा बाहेरच," ते म्हणाले.

पुढच्याच महिन्यात एक वेडावाकडा निरोप आला. ताईचा प्रोग्रॅम पडला आणि दोन सेकंदांत उठला. गावाला कळलंसुद्धा नाही.

आज सकाळीही आमच्या नळाला वेळेवर पाणी आलं.