जावईबापूंनी वड सोडवला

एका गावात एक भोळा जावई आला होता. तातोबा त्याचं नाव. बायको हौसा माहेरी आलेली, तिला न्यायला आला होता. सासरा बाळकोबा कोष्टी. घरात माग, आणि घरभर सूत.

मांजराने सुताचा गुंता करून ठेवला. सासरा म्हणाला, "जावईबापू, एवढा गुंता सोडवा."

तातोबाने विळी घेतली. खचाखच! "घ्या मामा, सुटला."

सासऱ्याने कपाळाला हात लावला. "अहो, कापता काय! टोक शोधायचं आणि हळूच ओढायचं."

"असं होय! आता लक्षात ठेवतो."

दुपारी शेळी खुंट्याभोवती फिरून फिरून दाव्यात अडकली. तातोबा धावला. त्याने टोक शोधलं. शेपटीचं सापडलं. हळूच ओढलं. शेळीने लाथ मात्र हळूच मारली नाही.

"अहो, शेपूट काय ओढता!" सासरा कडाडला. "ज्या बाजूने गुंडाळलंय, त्याच्या उलट फेऱ्या मारायच्या! आता आणखी एक घोळ घाला, पोरगी धाडायचा नाही. सांगून ठेवतो!"

तातोबाने कानच पकडले. हौसावर त्याचा भारी जीव.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. बायका पूजा करून घरी गेल्या. तातोबा वडापाशी येतो तो काय, बिचारा वड सुतात पार जखडलेला! "अरेरे, कुणी रे केलं हे?" म्हणत त्याने उलट फेऱ्या मारल्या. पार घामाघूम झाला. भोपळ्याएवढी सुताची गुंडी घेऊन ऐटीत घरी आला.

"मामा, बघा! एक धागा कापला नाही."

बाळकोबा मटकन खाली बसला. "अहो, हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून बायकांनी गुंडाळलं होतं ते! पळा, होतं तसं गुंडाळून या!"

तातोबा पळाला. सासऱ्याचं सांगणं विसरायला नको, म्हणून ते घोकतच फेऱ्या मारू लागला. "हाच नवरा सात जन्म मिळू दे! हाच नवरा सात जन्म मिळू दे!"

पाण्याला निघालेल्या बायकांनी ते ऐकलं. "अगं बाई! मेल्याने आपले सगळ्यांचे नवरे मागून घेतले!" एकच कालवा झाला. गाव गोळा झाला.

"संपलं!" बाळकोबा ओरडला. "हौसा कुठे जायची नाही!"

हौसाने डोळ्यांना पदर लावला. "अहो, अख्ख्या गावाचे नवरे मागितलेत. मग माझा?"

"रडतेस काय, वेडे!" तातोबा म्हणाला. "तोही मलाच मिळणार!"