मोटरला अर्थ दे

एका गावात एक भोळा वायरमन होता, त्याचं नाव सिद्राम. चाळिशी उलटली, पण सांगितल्या शब्दाबाहेर जाऊन काम केल्याचं पाप त्याच्या माथी नव्हतं. तीन कारखान्यांनी त्याला हात जोडले होते. चौथा शांतिनाथआण्णांचा, हळदीचा. आण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथं गोंधळ घातलास तर नोकरी गेली." घरी बायकोनंही तेच बजावलं होतं, जरा मोठ्यानं.

कारखान्यात हळद पॉलिश करायचा नवा ड्रम आला. त्याला ही एवढी मोटर, आणि मोटरचा वेग कमी-जास्त करायला ड्राइव्ह नावाचा डबा. दस्तगीर मिस्त्री म्हणाले, "सिद्राम, मोटरला अर्थ दे."

सिद्राम मोटरपुढं मांडी घालून बसला. "मोटर म्हणजे," तो म्हणाला, "गरगर फिरणारं यंत्र." मिस्त्री जेवून आले तरी तो मोटरला समजावतच होता.

"तो अर्थ नव्हे रे बाबा, अर्थिंग," मिस्त्री म्हणाले. "ड्राइव्हवरच्या मोटरच्या अंगात चोरटी वीज उतरते. हात लावणारा मरायचा. म्हणून जमिनीत सोडायची. जमिनीत. कळलं?"

"कळलं, चाचा."

संध्याकाळी मोटर दिसेना. सिद्रामनं सहा जण लावून ती खड्ड्यात पुरली होती. वर झेंडूचं फूलही वाहिलं होतं.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "वीज जमिनीत सोडायची, मोटर नव्हे. मोटर जागेवर. तिच्या अंगाला हिरवी वायर घट्ट आवळायची, दुसरं टोक खड्ड्यातल्या पट्टीला. खड्ड्यात मीठ, कोळसा, वरनं पाणी. आणि ड्राइव्ह बंद केल्या केल्या हात लावायचा नाही. पोटात वीज उरलेली असते. दहा मिनिटं थांबायचं."

सिद्रामनं सगळं पाठ केलं. मोटर उकरून काढली, जागेवर बसवली, आणि खोटं कशाला सांगू, या खेपेला काम अगदी नीट झालं.

तेवढ्यात आण्णा आले. मोटर पुरल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. चेहरा लालबुंद, हातपाय थरथरतायत. मिस्त्री चहाला गेलेले. आण्णांच्या अंगात वीज उतरलीय हे एकट्या सिद्रामलाच दिसत होतं. मालक हातचा गेला तर नोकरी कुठली?

त्यानं आण्णांच्या पायाला हिरवी वायर आवळली. पायावर मीठ ओतलं, कोळसा ओतला, वरनं बादलीभर पाणी.

"सोड मला," आण्णा म्हणाले.

सिद्राम दोन हात लांब उभा राहून घड्याळ बघत होता. "दहा मिनिटं, आण्णा. पोटात उरलेली असते."

शेवटी मिस्त्रींनी येऊन त्यांना सोडवलं. आण्णा एवढंच म्हणाले, "उद्यापासून तू घरी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा अंघोळ करून बाहेर आले, तर त्यांच्याच झोपाळ्यावर सिद्राम, शेजारी जेवणाचा डबा.

"तू इथं काय करतोस?"

"तुम्हीच म्हणालात, घरी बस. माझ्या घरी बायको बसू देत नाही. किती वाजेपर्यंत बसायचं?"

आण्णा परत थरथरायला लागले. सिद्राम लगबगीनं उठला आणि त्यानं स्वयंपाकघराकडं हाक दिली, "वहिनी, मीठ कुठं ठेवता?"