म्हैस सरकेना

जुईचा डबा बालवाडीतून तसाच्या तसा परत आला. झाकण घट्ट बसलं होतं म्हणे.

"मग ताईंना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

रात्रभर मला झोप नाही. मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये, हे आम्हीच तिला शिकवलं, वर पाहुण्यांसमोर तिचं कौतुकही केलं. पालकत्वावरची पुस्तकं घरात आहेत. झाकणाबद्दल एकातही काही नाही. शेवटी दुपारी तिला कुशीत घेतलं आणि सुचेल तशी गोष्ट सांगत गेले.

एक होतं तळं. तळ्याकाठी शाळा. बेडूकबाईंची शाळा. काळा खडक हाच फळा.

शाळेत होतं बदकाचं पिल्लू. नाव पिटुकली. पिटुकली बसायची सगळ्यांत पुढे.

एक दिवस काय झालं? ढब्ब. पिटुकलीच्या पुढ्यात म्हैस येऊन बसली.

बेडूकबाई फळ्यावर चित्र काढू लागल्या. टुक टुक, खर्रर्र. सगळे म्हणाले, "अय्या, हे बघा."

काय असेल बरं? पिटुकलीने मान लांब केली. म्हैस. डावीकडून पाहिलं. म्हैस. उजवीकडून पाहिलं. म्हशीचं शेपूट.

पिटुकली म्हणाली, "म्हशीताई, म्हशीताई, सरका ना."

म्हैस म्हणाली, "मी नाही सरकणार. पाठीवर बगळा झोपलाय. आधी त्याला उठव."

पिटुकली बगळ्याला म्हणाली, "बगळेदादा, बगळेदादा, उठा ना. म्हैस सरकेना."

बगळा म्हणाला, "मी नाही उठणार. डोळे चिकटलेत. मासोळीने पाणी उडवलं तर उठेन."

पिटुकली निघाली. लुटूलुटू लुटूलुटू.

"मासोळीबाई, मासोळीबाई, पाणी उडवा ना. बगळा उठेना, म्हैस सरकेना."

मासोळी म्हणाली, "मी नाही उडवणार. डोक्यावर हे एवढं कमळाचं पान. आधी त्याला हलव."

पिटुकली निघाली. लुटूलुटू लुटूलुटू.

"पानोबा, पानोबा, हला ना. मासोळी उडवेना, बगळा उठेना, म्हैस सरकेना."

पान म्हणालं, "मी नाही हलणार. आपण होऊन हलायची आमच्यात पद्धत नाही. वारा आला तर हलेन."

पिटुकली निघाली. लुटूलुटू लुटूलुटू.

वारा बांबूच्या बेटात लोळत पडला होता.

"वारोबा, वारोबा, चला ना. पान हलेना, मासोळी उडवेना, बगळा उठेना, म्हैस सरकेना."

वारा म्हणाला, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"पान हलेना, हे झालं पानाचं. उडवेना, ते मासोळीचं. उठेना, ते बगळ्याचं. सरकेना, ते म्हशीचं. आणि तुझं काय गं?"

"माझं?"

पिटुकलीने पायाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "मला फळा दिसेना."

"काय? तुझे शब्द माझ्याच फुंकरीने उडाले बघ. परत सांग."

पिटुकलीने छाती फुगवली. "मला फळा दिसेना. मला बघायचंय, काय काढलंय ते."

"असं होय? मग चल."

सूंऽऽ वारा आला. सळसळ पान हललं. फळ्ळकन मासोळीने पाणी उडवलं. फडफड बगळा उठला. हुश्श करून म्हैस सरकली.

म्हैस म्हणाली, "अगं, दिसत नव्हतं होय? मला वाटलं, उगीच उठवतेस."

पिटुकलीने फळा पाहिला. फळ्यावर होतं तळं. तळ्यात मासोळी. मासोळीवर पान. काठावर म्हैस. म्हशीवर बगळा. पिटुकलीने शोधलं, पुन्हा शोधलं.

या वेळी तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "बाई, मी कुठे आहे?"

बेडूकबाईंनी मागे वळून पाहिलं. "अगोबाई. म्हशीआड तू दिसलीच नाहीस मला. सांग, कुठे काढू तुला?"

"सगळ्यांत पुढे."

टुक टुक. एक चोच. टुक टुक. दोन पाय. सगळ्यांत पुढे पिटुकली.

खडूचं टुक टुक थांबलं, गोष्टीचं शेपूट संपलं.

मी जुईकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. कळलं असेल का काही? की नुसती म्हैसच लक्षात राहील?

जुई म्हणाली, "आई, तुझी बांगडी मला टोचतेय. मघापासून."