रुंजीच्या पाठीवरचे पट्टे

त्या राज्यात सगळे दोन चाकांवर फिरत. पाय सगळ्यांनाच होते, कुणाला चार तर कुणाला सहा, पण पायी जाणाऱ्याकडे लोक जरा कीव करूनच पाहत. बहुतेक सायकली वाघाच्या कारखान्यातून येत. त्यांच्या दांडीवर काळे पट्टे ओढलेले असत, आणि पट्टे म्हणजे वाघाची सायकल हे तिथल्या पिल्लांना बोलता येण्याच्या आधी कळत असे. वाघ स्वतः मात्र कित्येक वर्षांत सायकलवर बसला नव्हता. तो माळावरच्या उंच गवतात पडून राही आणि कारखाना त्याच्या नावावर चाले.

याच राज्यात एका जांभळीच्या ढोलीत रुंजी नावाची खार छोट्या सायकली बनवत असे. उंदीर, सरडे, चिचुंद्र्या ही तिची गिऱ्हाइकं. वाघाच्या सायकलीवर त्यांचे पाय पायडलपर्यंत पोचत नसत, आणि एवढ्याशा सायकली करण्यात वाघाला काही राम वाटत नसे. चाकांच्या तारांसाठी रुंजी शेजारच्या साळिंदराचे गळलेले काटे वापरी. सायकल पुरी झाली की शेपटीचा शेंडा चुन्यात बुडवून ती दांडीवर तीन पांढरे पट्टे ओढी. तीनच का, याचा तिने कधी विचार केला नव्हता. मागे वळून पाहिलं की आपल्या पाठीवर तीन दिसतात, म्हणून तीन.

एक दिवस जांभळीच्या फांदीवर डोमकावळा येऊन बसला. तो वाघाचा वकील होता. काळ्या कोटाचा खर्च त्याला जन्मात करावा लागला नव्हता, त्यामुळे त्याची वकिली पहिल्यापासूनच फायद्यात होती. घसा साफ करून तो म्हणाला, "बाई, या राज्यात दोन चाकांवर दिसणारा कुठलाही पट्टा आमच्या महाराजांचा आहे. तुमच्या सायकलींवरचे पट्टे पुसून टाका."

"पुसते," रुंजी म्हणाली. तिला भांडण नको होतं.

"आणि पाठीवरचे."

"ते कसे पुसू? ते आईकडून आलेत."

"कुठून आले हा आमचा प्रश्न नाही. तुम्ही सायकलवर बसता, म्हणजे ते दोन चाकांवर येतात. एक तर झाकून घ्या, नाहीतर चालत जा."

असा निरोप मिळालेली रुंजी पहिली नव्हती. गांधीलमाशा आधीच अंगाला राख फासून फिरू लागल्या होत्या. कलिंगडं सायकलवरून बाजारात न्यायची तर सोलून न्यावी लागत, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यांच्यावर इतक्या माशा बसत की विकणाऱ्यालाच ती खावीशी वाटत नसत. दाद मागायला न्यायसभा होती. पण दाद मागायची म्हणजे वाघाच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, आणि तेवढी हौस कुणालाच नव्हती.

रुंजीने गोणपाटाची बंडी शिवली. उन्हाळ्याचे दिवस, त्यात गोणपाट. तिची पाठ दिवसभर खाजे. पण खाज तरी सहन होत होती. सहन होत नव्हतं ते वेगळंच. सवयीने मागे वळून पाहिलं की तिला गोणपाट दिसे, आणि त्याखाली आपण कुणाची तरी उचललेली वस्तू लपवून फिरतोय असं तिला वाटू लागलं होतं. रस्त्यात कुणी मोठ्याने हाक मारली तरी ती दचकायची.

साळिंदर म्हणायचा, "अगं, तू जन्मलीस तेव्हा हा कावळा कुठे होता? जा की न्यायसभेत, कासवापुढे."

"वाघाशी भांडू मी? माझं वजन किती, त्याचं किती."

"न्यायसभेत वजन करत नाहीत," साळिंदर म्हणाला. मग त्यानेच कबूल केलं, "निदान करू नये."

तिचा निश्चय झाला तो एका चिचुंद्रीमुळे. हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती सायकल ढकलत ढकलत आली आणि खाली बघत म्हणाली, "रुंजीताई, राग मानू नकोस. एवढे तीन पट्टे खरवडून दे. कावळा येईल म्हणून पोरं घाबरतात घरात." रुंजीने पट्टे खरवडून दिले. चिचुंद्री गेली, जाताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही. रुंजी बराच वेळ हातातल्या चुन्याच्या भुकटीकडे बघत बसली. वाघाविरुद्ध आपण हरलो तर ढोली सुटेल, राज्यही सुटेल, हे तिला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती नदीकाठी न्यायसभेत गेली आणि तिने तक्रार मांडली.

तिथे न्यायासनावर कासव होतं. खूण कुणाची, असा वाद आला की दावा अंगाने सिद्ध करायचा, ही तिथली जुनी रीत. नदीतली माती मळून काठावर पसरत, आणि दावा करणाऱ्याने तिच्यावर अंग टाकायचं. मातीत जी खूण उठेल ती त्याची. खुरांचे, नखांचे, चोचींचे, खवल्यांचे कितीतरी तंटे असे मिटले होते. ओली माती केसांना चिकटते आणि मग मंडळी न्यायाधीशांसमोर चिडचिड करतात, म्हणून मातीवर लांब वाळकं गवत अंथरत आणि ठसा पाहायच्या आधी ते काढून टाकत. गवताकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. खूर तो खूर, तो गवतातूनही उठतो.

सुनावणीला वाघ स्वतः आला. काठावर जमलेल्या गर्दीने घाईने वाट करून दिली. रुंजीने त्याला आजवर कारखान्याच्या पाटीवरच पाहिलं होतं. पाटीवरच्यापेक्षा तो बराच जाड होता आणि एवढं चालून आल्याने त्याला धाप लागली होती. त्याने रुंजीकडे पाहिलं, पण ती त्याला दिसली असेल असं वाटलं नाही. तो मातीवर कुशीवर लोळला आणि उठला.

मातीत पट्टे उठले होते. लांब, खोल, शंका घ्यायला जागा नाही असे.

"आणखी काय दाखवायचं?" डोमकावळा म्हणाला आणि त्याने पंख झटकून मिटले.

 मनातल्या मनात रुंजीने ढोलीतली हत्यारं बांधायलासुद्धा घेतली. पण कासवाने मान हलवून तिला पुढे बोलावलं, तेव्हा तिने बंडी काढली. किती दिवसांनी तिच्या पाठीला वारा लागला, आणि हरायच्या आधी एवढं तरी सुख मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं. ती मातीवर उताणी झाली. तिचं वजन ते काय. जरा रुतावं म्हणून तिला दोन्हीकडे अंग घुसळावं लागलं. ती उठली तेव्हा गवताची एक काडी तिच्या पाठीला चिकटूनच वर आली. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. रुंजी ओशाळून काडी काढायला गेली.

"राहू दे," कासव म्हणालं. "हलू नकोस."

काडी निघाली होती तिथे मातीत एक पट्टा होता. कासवाने ती काडी तिच्या पाठीवरून अलगद घेतली आणि ते वाघाच्या जागेकडे निघालं. कासवाला तिथे पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. त्याने वाघाच्या एका पट्ट्यात काडी ठेवली. ती चपखल बसली. काडीचं पेरं होतं तिथे पट्ट्यातही बारीकशी गाठ होती.

मग कासव न्यायासनाशेजारच्या गवत अंथरलेल्या मातीवर स्वतः उताणं झालं. त्याला उठवायला चौघे लागले. त्याच्या पाठीला एकही पट्टा नव्हता, हे सगळ्या राज्याला माहीत होतं. मातीत त्याच्या कवचाच्या चौकटी उठल्या होत्या आणि चौकटींमधून लांब, खोल पट्टे गेले होते.

"मी तर सायकलवरही बसत नाही," कासव म्हणालं. "पट्टे गवताचे आहेत. ज्याला आक्षेप असेल त्याने गवताला भेटावं."

 साळिंदराने इतका मोठा श्वास सोडला की त्याचे सगळे काटे खळखळून खाली बसले, आणि शेजारच्यांनी घाईघाईने जागा बदलली. रुंजी मातीतच बसून राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही थांबवायची तिला गरज वाटली नाही.

वाघ अजून त्या काडीकडे बघत होता. "लहानपणापासून मला वाटत आलंय, हे माझे आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. तो हे कुणाला म्हणाला ते कळलं नाही, पण जवळ रुंजीच होती.

"दिसतात तर तुमचेच," ती म्हणाली. तिला त्याची खरंच दया आली.

डोमकावळा मात्र हिंमत हरणारा नव्हता. तो तडक माळावर गेला आणि हे पट्टे आमच्या महाराजांच्या नावे लिहून देता का, असं त्याने गवताला विचारलं. वारा आला तसं गवताने होकारार्थी मान डोलावली. वारा फिरला तेव्हा गवताने उलट्या दिशेला तशीच डोलावली, आणि तिकडे नदीवरून राख धुऊन परतणाऱ्या गांधीलमाशा होत्या. कावळा पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला.

संध्याकाळी रुंजी सायकलवरून घरी निघाली. बंडी तिने हँडलला अडकवली होती. माळावरची वाट उंच गवतातून जात होती आणि ऊन तिरपं झालं होतं. एका वळणावर तिला वाटलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तिने थांबून पाहिलं तर नुसतं गवतच होतं. मग त्या गवताने दोन पिवळे डोळे मिटले आणि उघडले. वाघ अगदी जवळ बसला होता. त्याच्या अंगावर गवताच्या सावल्या पडल्या होत्या, आणि त्यांत त्याचे पट्टे कोणते, हे तिला काही केल्या सांगता आलं नसतं.

तिने घंटी वाजवली आणि पायडल मारलं. थोडं पुढे जाऊन सवयीने मागे वळून पाहिलं. पाठीवर तिचे तीन होते. त्यांच्यावरून गवताच्या सावल्या आडव्या पडत होत्या, सरकत होत्या, आणि वाट मोकळ्यावर आली तशा गवताने त्या एकेक करून परत काढून घेतल्या.